सिस्टरचा फलाट

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकीणबाईंनी माझं नाव विचारायच्या आधी माझी नाडी बघितली. मी भर उन्हात औसा रोडवरून चालत आले होते. त्यांनी दारातच माझं मनगट धरलं, खांद्यापाशी साडीला पिनेनं अडकवलेल्या घड्याळाकडे बघत थोडा वेळ ओठ हलवले आणि म्हणाल्या, "पळत आलीस का? बस आधी. पाणी पी. खोलीचं मंग बोलू."

"पळत नाही, चालत आले."

"मंग रक्त कमी हाय. गूळ-शेंगदाणे खात जा."

खोली मिळाली. मी मुखेडकडच्या खेड्यातली, लातुरात एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागलेली, आणि तशी तोंडाळ. ही पोरगी भाड्याच्या घरात टिकायची नाही असं माझी आई सगळ्यांना सांगून मोकळी झाली होती. पण त्या माडीवर मी चांगली काही वर्षं टिकले, कारण खाली माझ्यापेक्षा तोंडाळ बाई राहत होती आणि तिच्यापुढे मी अगदीच गरीब गाय दिसत असे.

बाईंची सगळी नोकरी सरकारी उपकेंद्रांवर नर्स म्हणून गेली. वाड्या-वस्त्यांवर चालत जाऊन लसी टोचायच्या, बाळंतपणं करायची, कुणी दार उघडलं नाही तर खिडकीतून बोलायचं. निवृत्त होऊनही गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. म्हातारीकोतारी, शाळेतली पोरं, दूधवाला, सगळ्यांच्याच त्या सिस्टर. त्यांचे यजमानसुद्धा त्यांना सिस्टर म्हणत. नोकरी सुटली पण पेशंट काही सुटले नाहीत, एवढंच झालं होतं की आता जगातली कुठलीही वस्तू त्यांना पेशंट वाटायची. फ्रिज घरघरला की त्याला दम लागलेला असे. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं तर त्या ओरडत, "जखम उघडी ठेवली कुणी?" माझ्या खोलीचा पंखा कुरकुरायला लागला तेव्हा मी तक्रार घेऊन खाली गेले, तर म्हणाल्या, "कवापासून? जेवणाआधी का जेवणानंतर?" ह्यात विनोद नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती.

त्यांचं एक वाक्य मी अजून वापरते. कुणी त्यांच्यापुढे डोळ्यांत पाणी आणलं की त्या पहिल्यांदा पाट नाहीतर खुर्ची पुढे सरकवत. "रडायचं असलं तर बसून रड. उभ्यानं चक्कर येती." क्लासमधल्या माझ्या कितीतरी विद्यार्थिनी परीक्षेच्या दिवसांत हे वाक्य ऐकून आधी बसल्या, मग हसल्या, आणि रडायचं राहूनच गेलं.

आता मी नांदेडला असते. आमच्या सोसायटीत गाडी लावायला पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या आहेत आणि त्या पट्ट्यांवरून दर रविवारी भांडणं होतात. त्या भांडणात मी हमखास सांगते की लातूरला आमच्या सिस्टरनी साठी उलटल्यावर स्वतःच्या हिमतीवर, भंगारातून, घराला लागून गॅरेज बांधलं. 'आमच्या' म्हणायला त्या माझ्या कुणी लागत नाहीत. तरी म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं, गॅरेज ते काय, चार भिंती आणि पत्रा. त्याला बसवून सगळं सांगावं लागतं.

सांगायचं तर सुरुवात डायव्हरकाकांपासून करायला हवी. सिस्टरचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. लातूर-नांदेड, अहमदपूरवरून, आयुष्यभर. घरी कमी आणि स्टेअरिंगवर जास्त राहिलेला माणूस. मी राहायला जायच्या थोडं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेल्यात जमा. दिवसातून दोन-चार शब्द यायचे, तेही एकेकटे. मधल्या खोलीत त्यांचा पलंग होता आणि पलंगावर, डाव्या हाताला पोचेल अशी, एक दोरी लोंबत होती. दोरीचं दुसरं टोक स्वयंपाकघरात एका जुन्या एसटीच्या घंटीला बांधलेलं. ती घंटी सिस्टरनी भंगारबाजारातून शोधून आणली होती. बांधली त्या दिवशीच त्यांनी नियम सांगून टाकला म्हणे, "एक वाजवली की मी येते. दोन वाजवल्या की मी जाते." ज्यांनी एसटीनं प्रवास केलाय त्यांना हे सांगायला नको. कंडक्टरनं एक घंटी दिली की गाडी थांबते, डबल दिली की सुटते.

वरच्या खोलीत मला ती घंटी रोज ऐकू यायची. नेहमी एकच. डबल बेल मी कधी ऐकली नाही.

सिस्टरचं घर जुन्या पद्धतीचं, गुडघाभर उंच जोत्यावर. पुढे ओटा, ओट्याच्या पायऱ्या उतरल्या की थेट गटार आणि मग रस्ता. पायऱ्यांवर उतरण करावी तर ती शेजारच्यांच्या दारात जाऊन पडणार. त्यामुळे काकांना बाहेर न्यायचं म्हणजे चाकाच्या खुर्चीसकट उचलून न्यायचं. एकदा औशाला सिस्टरच्या पुतणीचं लग्न होतं. गल्लीतली चार धडधाकट पोरं आली, चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरली आणि 'उचला, हां, सांभाळून' करत काकांना पायऱ्या उतरवून गाडीत घातलं. काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. संध्याकाळी परत त्याच चौघांनी त्यांना वर आणलं. पोरं गेली, आम्ही चहा ठेवला, आणि काकांनी फार प्रयत्न करून दोन शब्द काढले.

"चौघं... न्हाई."

सिस्टरनी ऐकलं. मीही ऐकलं. चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच, आणि तेव्हा आपल्याला कळत नसतं, म्हणून चालतं. हा माणूस जिवंतपणी, डोळे उघडे असताना ते करून घेणार नव्हता. त्या दिवसानंतर काका घराबाहेर पडले नाहीत. डॉक्टर घरी यायचे, न्हावी घरी यायचा. पलंगासमोरच्या खिडकीतून रस्त्याचा एक तुकडा दिसायचा, त्यातून कुठली गाडी गेली ते ते आवाजावरून ओळखत आणि मान हलवत. पुण्याला असलेला मुलगा फोनवर म्हणायचा, आई, इकडे या, लिफ्टवाला फ्लॅट घेऊ. सिस्टर म्हणायच्या, "लिफ्टातनं खाली जाऊन हे बघतील काय? तुमच्या वॉचमनला? ह्यांना ह्यांचा रस्ता पाहिजे, बाबा."

आणि एके दिवशी त्यांनी गल्लीत जाहीर केलं की घराच्या बाजूच्या बोळात आपण गॅरेज बांधून राहिलो आहोत.

समोरच्या काकू, ज्यांना गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीत मत असे, त्यांनी पदर तोंडाला लावला. "सिस्टर, गाडी कुठंय?"

"येईल की. आधी पाळणा बांधतेत का लेकरू आणतेत?"

"लेकरू होणार असलं तर पाळणा बांधतेत, बाई."

"होणार हाय," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या डोक्यातला बेत असा होता. मधल्या खोलीच्या भिंतीला बोळाच्या बाजूनं दार पाडायचं. दाराबाहेर, घराच्या फरशीच्याच उंचीचा एक लांबट कट्टा. कट्ट्याला लागून खाली गाडी. गाडी कुठली, तर सरकत्या दाराची जुनी व्हॅन. तिची बैठक आणि काकांची खुर्ची एका उंचीला आली की काकांना फक्त बाजूला सरकायचं. उतरायचं नाही, चढायचं नाही, कुणी उचलायचं नाही. वर सावली, खाली कोरडं, आणि एका माणसाचं काम. त्या कट्ट्याला त्या पहिल्या दिवसापासून फलाट म्हणायच्या. बसस्टँडवर असतो तसा फलाट.

पेन्शनीत घर, औषधं आणि बांधकाम असं तिन्ही बसवायचं होतं, त्यामुळे नवं असं काही घ्यायचंच नाही हे आधीच ठरलं. विटा एका पाडलेल्या डाळमिलच्या भिंतीच्या. त्यांना जुना चुना चिकटलेला होता. तो खरवडायचं काम दुपारी क्लास नसला की माझ्याकडे. मी भाडेकरू आहे की मजूर, असं मी एकदा विचारलं. "भाडेकरू हायस म्हणून तर बसून काम देलं," असं उत्तर आलं. लोखंडी अँगल भंगारातले, पत्रे कुणाच्या तरी कोंबड्यांच्या शेडचे, धुऊन घेतलेले. धुतले तरी पहिल्या पावसाळ्यात जरा वास यायचाच.

शटर एका बंद पडलेल्या दुकानाचं मिळालं. त्यावर ठळक अक्षरात 'फॉल-पिको करून मिळेल' लिहिलेलं. रंग मारून झाका की, असं सगळ्यांनी सांगितलं. रंग म्हणजे खर्च, आणि अक्षरांनी गाडी थोडीच अडते, असं सिस्टरचं म्हणणं. ते शटर लागल्यापासून बायका पिशवीत साड्या घेऊन यायला लागल्या. सिस्टर त्यांना दोन गल्ल्या पलीकडच्या शिंपिणीचा पत्ता द्यायच्या, आणि जाता जाता प्रत्येकीचं ब्लडप्रेशर मोजायच्या. शिंपिणीचा धंदा वाढला. तिनं पुढे गॅरेजच्या खिडकीला उरलेल्या कापडांचा पडदा शिवून दिला, अजून आहे तो.

बांधायला मिस्त्रीचाचा होते, उदगीरकडचे, पांढऱ्या दाढीचे आणि फार सोशिक. सिस्टरनी त्यांच्या हातात लेव्हल धरायला सलाईनची नळी दिली. नळीत पाणी भरून दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरली की पाणी सारख्या उंचीवर उभं राहतं, मिस्त्री लोक नळी त्यासाठी वापरतातच, पण सलाईनची कुणी वापरत नाही. चाचांनी ती नळी उलटसुलट करून बघितली.

"सिस्टर, ये दीवार है के पेशंट?"

"दोन्ही. हवेचा बुडबुडा राहिला न्हाई पायजे."

एका गोष्टीवर मात्र दोघांत खरी हुज्जत झाली. चाचा म्हणत होते, वर स्लॅब टाका, उद्या वर खोली काढता येईल, भाडं येईल. सिस्टर म्हणाल्या, पत्रा. दगड गुडघ्यापर्यंत, वर वीट, माथ्यावर हलकं. चाचा पुन्हा समजवायला लागले तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "भूकंपाच्या साली मी किल्लारीकडं ड्युटीवर होते, चाचा." चाचांनी थापी खाली ठेवली आणि मान हलवली. पत्राच ठरला. सिस्टर त्या दिवसांबद्दल कधीच बोलत नसत. त्यांच्या डोक्यावर जड काही चालत नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं.

भिंती उभ्या राहिल्या आणि पाण्याची पंचाईत आली. नव्या बांधकामाला पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट कच्चं राहतं. आणि आमच्या लातुरात नळाला पाणी कधी येतं हे ज्याला माहीत आहे तो भिंतीवर पिण्याचं पाणी ओतणाऱ्याला वेड्यात काढेल. टँकर मागवणं परवडणारं नव्हतं. सिस्टर सकाळी घरोघर निघाल्या, पूर्वी पोलिओच्या डोससाठी निघत तशा. प्रत्येक घरी तेच. "तुमच्या फिल्टरातनं जे पाणी वाया जाऊन राहिलंय, ते माझ्या पेशंटला द्या. तांदूळ धुतलेलं चालंल, भाजी धुतलेलं चालंल. साबणाचं न्हाई."

आणि खरं सांगते, लोकांनी दिलं. पहिल्या दिवशी दोन घरांतून आलं, मग अर्ध्या गल्लीतून. संध्याकाळी बायका बादल्या घेऊन यायच्या, तांब्यातांब्यानं भिंतीवर पाणी मारायच्या आणि गप्पा मारायच्या. सुरुवातीला हसणाऱ्या समोरच्या काकूंची बादली सगळ्यात मोठी असायची. एकदा तर त्या दुसरीला दटावत होत्या, "आगं, त्या कोपऱ्यावर मार, तो कोपरा उन्हात हाय." त्या भिंतीत माझ्या तांदळाचं पाणी आहे. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो का वाटावा हे मला नीट सांगता येत नाही.

गाडी मध्येच कधीतरी आली. शाळेच्या पोरांची ने-आण करून थकलेली व्हॅन, जागोजाग चेपलेली. सिस्टर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकल्या, लायसन काढलं, आणि सराव मात्र घरासमोरच्या रस्त्यावर करायच्या, काकांच्या खिडकीखाली. गिअर खरखरला की आतून घंटी. क्लच लवकर सोडला की घंटी. टण. टण. टण. एकेकच, पण सारखी. शेवटी सिस्टरनी खिडकीत तोंड घालून विचारलं, "सारखं कामून थांबवून राहिलाव? एकदा तरी जाऊ द्या की!" काका तोंड वाकडं करून हसत होते. मी त्यांना हसताना बघितलं ते तेव्हाच.

हळूहळू सिस्टर एकट्या बाजारात जायला लागल्या, मग औशापर्यंत. औशात कुणाचं तरी जुनं घर उतरवत होते, तिथून एक सागवानी चौकट मिळाली. हीच चौकट मधल्या खोलीच्या नव्या दाराला. घ्यायच्या आधी त्या काकांची खुर्ची व्हॅनमध्ये टाकून घेऊन गेल्या होत्या. चौकट जमिनीवर आडवी पडलेली, त्यात खुर्ची आडवी ठेवून बघितली. दोन्ही बाजूंना मूठमूठभर जागा उरली. परत आल्या त्या मिरवत. "माप घेऊन आणलंय. कापडासारखं."

चौकट बसवायच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. आंब्याचा डहाळा, पिवळ्या फडक्यात बांधलेलं धान्य, नारळ. समोरच्या काकूंनी उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, मी तांदूळ वाहिले. चाचांनी चौकट ओळंब्यात बसवली, दोन्ही बाजूंनी सिमेंट भरलं. मग आम्ही सगळ्याजणी त्या दारातून आत-बाहेर करत होतो. फलाटावर जाऊन बघत होतो, परत खोलीत येत होतो, पेढे वाटत होतो. कौतुक कौतुक चाललं होतं.

संध्याकाळी, सगळ्या जायला निघाल्या असताना, सिस्टरनी काकांना खुर्चीत बसवलं आणि फलाट दाखवायला दाराकडे नेलं. खुर्चीची पुढची बारकी चाकं उंबऱ्याला लागली आणि थांबली.

चांगला चार बोटं उंच उंबरा होता. जुनी चौकट, चारही बाजूंची. आम्ही दहा-पंधरा बायका दिवसभर त्याच्यावरून गेलो होतो आणि एकीच्याही लक्षात आलं नव्हतं. कसं येणार? चालायला लागल्यापासून आपण उंबऱ्यावर पाय देत नाही, पाय उचलून पलीकडे टाकतो. पाय आपोआप उचलतो. डोळ्यांना तो अडथळा दिसतच नाही, नमस्कार करायची जागा दिसते. ज्या बाईनं सलाईनच्या नळीतला बुडबुडा सोडला नाही, तिच्याही पायानं तो उंबरा सवयीनं ओलांडला होता.

सिस्टरनी खुर्ची मागे घेतली, जोर लावून पुन्हा ढकलली. काका पुढे हेलकावले. एक फळी आडवी टाकून बघितली, ती सरकली आणि खुर्ची एका बाजूला कलली. कुणीतरी म्हणालं, थांबा, पोरांना बोलावते, चौघंजण धरतील. काका म्हणाले, "न्हाई." तेवढा शब्द स्पष्ट आला.

"कापून काढा, चाचा," सिस्टर म्हणाल्या.

चाचांनी हात मागे घेतले. "सिस्टर, तुम्ही बायांनीच हळदकुंकू लावलंय. पुजलेल्या लाकडाला मी करवत न्हाई लावणार. दुसरा कुणी लावत असंल तर मी अडवत न्हाई."

समोरच्या काकूही हळूच म्हणाल्या, "पुजलेला उंबरा कापत न्हाईत, बाई. घरात दुखणं असताना तर न्हाईच न्हाई."

सिस्टर कशावरही विश्वास ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. एरवी त्यांनी स्वतः करवत उचलली असती. पण काकांकडे बघितलं आणि त्यांचा धीर झाला नाही. त्या तिथेच खाली बसल्या, त्या उंबऱ्यावर, दिवेलागणीच्या वेळी. उंबऱ्यावर बसू नये हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, तरी कुणी त्यांना उठवलं नाही. सिस्टर बसून रडल्या. इतकी वर्षं सगळ्यांना जसं सांगत आल्या होत्या तसंच. मला तो आवाज सहन झाला नाही, मी बादली उचलून उगीच भिंतीवर पाणी मारायला गेले.

परत आले तर काका डावा हात वर-खाली करत होते. तळवा आडवा, जमिनीकडे, आणि वर उचलल्यासारखा. "फलाट," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. "वर."

सिस्टरनी नाक पुसलं. उंबऱ्याकडे बघितलं, खोलीच्या फरशीकडे बघितलं, फलाटाकडे बघितलं. "उंबरा खाली न्यायचा न्हाई," त्या उठत म्हणाल्या. "जमीन वर आणायची. दोन्हीकडनं. चाचा, हे हो म्हणतेत का तुमचे देव?"

"ह्याला कोण न्हाई म्हणंल?" चाचा म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ते उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं घरं उलथीपालथी केली. प्रत्येकाच्या घरी बांधकामातून उरलेलं काही ना काही असतंच. गच्चीवर, जिन्याखाली, 'लागंल कधीतरी' म्हणून ठेवलेलं. कुणी शहाबादी फरशीचे तुकडे आणले, कुणी बाथरूमच्या निळ्या टाइल्स, कुणी कडाप्पा. समोरच्या काकूंनी देवघराच्या वेळच्या उरलेल्या पांढऱ्या टाइल्स दिल्या. पलंगापासून उंबऱ्यापर्यंत कळेल न कळेल अशी चढण केली, उंबऱ्याच्या पलीकडे फलाट तेवढाच वर आला, आणि गाडीच्या चाकांखाली दोन पट्टे घालून गाडीही तेवढीच वर घेतली. तो उंबरा अजून तिथे आहे. आता तो जमिनीत मावलाय, फरशांच्या मध्ये एक लाकडी पट्टी दिसते. दिवाळीला सिस्टर तिला हळदकुंकू लावतात आणि त्यावरून खुर्ची जाते. गेल्या वर्षी मी गेले होते तेव्हा त्या गल्लीत आणखी दोन घरांनी दाराशी असे फलाट केलेले बघितले. एकाच्या घरी म्हातारी आहे, दुसऱ्याकडे पाय अधू असलेली मुलगी. आर्किटेक्ट कोण म्हणून विचारलं तर दोघांनीही सिस्टरच्या शटरकडे बोट दाखवलं, फॉल-पिकोच्या.

तर तो दिवस. फरशीला पाणी मारून झालं होतं, वाळून झालं होतं. सकाळची वेळ. गल्ली आपापल्या दारात उभी होती, काहीतरी काम असल्यासारखी. ती चार पोरंही आली होती, सवयीनं, बाह्या सारून. सिस्टरनी त्यांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. "तुम्ही हात मागं बांधून थांबा. नुसतं बघायचं."

व्हॅन उलटी आत घातलेली होती, तोंड रस्त्याकडे. शटर वर. मी फलाटाच्या टोकाला उभी होते. खुर्ची पलंगापासून निघाली, चढण चढली, उंबऱ्यावरून गेली. टक् असासुद्धा आवाज झाला नाही. सिस्टरनी खुर्ची गाडीच्या उघड्या दाराला लावली, काकांच्या काखेखाली हात घातला, म्हणाल्या, "सरका." काका सरकले. खुर्चीतून बैठकीवर, एका दमात. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डोळे उघडे होते, चांगले टक्क उघडे.

सिस्टरनी दार ओढून घेतलं, फलाटावरून उतरून पुढे गेल्या आणि स्टेअरिंगवर बसल्या. गाडी सुरू केली. आणि बसून राहिल्या.

आधी आम्हाला वाटलं आरसा बघतायत. मग मला त्यांचे हात दिसले. सगळ्या तालुक्याला सुया टोचलेले ते हात गिअरपर्यंत जाऊन परत येत होते. बाजारात, औशाला, कुठेही त्या एकट्या जाऊन आल्या होत्या. पण आज मागे तो माणूस बसला होता ज्यानं आयुष्यभर बस चालवली, ज्यानं खिडकीतून त्यांचा प्रत्येक चुकलेला गिअर ऐकला होता, आणि जो किती महिन्यांनी रस्त्यावर येणार होता. त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली. समोरच्या काकूंनी हात जोडले होते. सिस्टर पुढे बघत होत्या आणि गाडी जागेवर गुरगुरत होती.

आतून ठोका ऐकू आला. टण् नव्हे, पत्र्याचा, टक.

एक. म्हणजे थांब. सिस्टरचे खांदे खाली आले. त्यांनी ब्रेकवर पाय दाबला असावा, गाडीचे मागचे लाल दिवे लागले. मी वाकून आत बघितलं. काकांचा डावा हात वर होता, बोटं दुमडलेली, टपाला टेकलेली. त्या हातालाच वेळ लागत होता. तो मागे आला, थोडा थांबला, आणि टपावर दुसरा ठोका पडला.

सिस्टरनी गाडी सोडली.